ग्लार्जिन इन्सुलिनचे पेन : कोल्हापुरातल्या दवाखान्यातून केलेले परीक्षण

मंगळवार पेठेत मी पंचवीस वर्षांहून अधिक काळ जनरल प्रॅक्टिस करतो आहे आणि त्यातल्या पहिल्या काही वर्षांत रात्री अडीच-तीनच्या सुमारास येणारे फोन मला आजही आठवतात. पलीकडून सून किंवा मुलगा घाबऱ्या आवाजात सांगत असे की वडिलांचे अंग घामाने निथळते आहे, ते असंबद्ध बोलत आहेत आणि हाक मारली तर ओळख देत नाहीत. अशा बहुतेक घरांत रात्रीच्या जेवणाआधी जुने मिश्र इन्सुलिन टोचलेले असे. त्यातला गढूळ भाग, म्हणजे एनपीएच, टोचल्यानंतर साधारण चार ते दहा तासांच्या दरम्यान जोर धरतो, आणि आठ वाजता टोचलेल्या इन्सुलिनचा हा जोर नेमका मध्यरात्रीनंतर, माणूस गाढ झोपेत असताना येतो. त्या वेळी पोटात फारसे अन्न उरलेले नसते, घाम फुटून किंवा थरथर होऊन जाग येईलच याची खात्री नसते आणि शुगर चाळीस-पन्नासपर्यंत उतरते. ग्लार्जिन हे दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन मी नियमितपणे लिहून देऊ लागलो तेव्हापासून हे फोन कमी होत गेले. माझ्या लेखी या औषधाची खरी किंमत इथे आहे, म्हणून सुरुवात तिथूनच केली.

हे परीक्षण ग्लार्जिनच्या एका मिलिलिटरला १०० युनिट या ताकदीच्या पेनचे आहे. सॅनोफीचे लँटस हे या औषधाचे मूळ उत्पादन, बंगळूरच्या बायोकॉनचे बेसालॉग हे आपल्या देशात बनणारे तेच औषध, आणि याखेरीज इतर भारतीय कंपन्यांचे ग्लार्जिनही आपल्याकडच्या औषध दुकानांत मिळते. यांपैकी कोणाशीही माझा आर्थिक संबंध नाही. मी मधुमेहतज्ज्ञ नाही. सर्दी-तापापासून सांधेदुखीपर्यंत सगळे पाहणारा पेठेतला डॉक्टर आहे, आणि भारतातले बहुसंख्य मधुमेही माझ्यासारख्याच डॉक्टरांकडे जातात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत भारतातल्या मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर असल्याचे दिसले. एवढ्या लोकांना पुरतील इतके तज्ज्ञ कोणत्याही जिल्ह्यात नाहीत, त्यामुळे इन्सुलिन सुरू करणे आणि सांभाळणे हे काम पेठेतल्या आणि गावातल्या दवाखान्यातच व्हायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

अजूनही एखादे वारकरी आजोबा इन्सुलिनचे नाव काढताच विचारतात, "डॉक्टर, हे जनावराचं असतंय न्हवं?" हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले, जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचले गेले, आणि त्यानंतर सुमारे साठ वर्षे जगभरचे इन्सुलिन खरोखरच गाईच्या आणि डुकराच्या स्वादुपिंडातून काढले जात होते. १९८२ मध्ये जीवाणूंच्या पेशीत मानवी जनुक घालून बनवलेले इन्सुलिन बाजारात आले आणि तो प्रश्न हळूहळू मिटला. आता मी आजोबांना सांगतो की हे मोठ्या टाक्यांत जीवाणू किंवा यीस्ट वाढवून तयार करतात, यात जनावराच्या अवयवाचा संबंध नाही. माळ घातलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरचा ताण हे ऐकून उतरताना मी अनेकदा पाहिला आहे, आणि औषध सुरू करण्याआधी हे दोन मिनिटांचे बोलणे टाळू नये असे मला वाटते.

मानवी इन्सुलिन रचनेने शरीरातल्यासारखेच असले, तरी कातडीखाली टोचल्यावर ते शरीरातल्यासारखे वागत नाही. निरोगी स्वादुपिंड दिवसरात्र थोडे थोडे इन्सुलिन सोडत असते आणि जेवणाबरोबर एकदम जास्त सोडते. ही दिवसरात्रीची बारीक धार बाहेरून देता यावी म्हणून रेणूतच फेरफार करावा लागला. ग्लार्जिनमध्ये एक अमिनो आम्ल बदलले आहे आणि एका साखळीच्या टोकाला दोन अर्जिनिन जोडली आहेत. त्यामुळे ते पेनमधल्या आम्लधर्मी द्रावात पाण्यासारखे स्वच्छ राहते, पण कातडीखाली गेले की तिथल्या उदासीन वातावरणात त्याचे बारीक कण बनतात आणि तोंडात धरलेली खडीसाखर जशी हळूहळू विरघळते तसे ते साधारण चोवीस तास रक्तात उतरत राहते. मोठी चढ नाही आणि एकदम उतार नाही. काहींना टोचताना किंचित चुणचुणते, ते त्या आम्लामुळे. स्वच्छ दिसणे हाही एक मोठा फायदा आहे, कारण जुने गढूळ इन्सुलिन तळहातांत दहा-वीस वेळा हलके घोळवून एकजीव करावे लागते, आणि ते नीट घोळवणारे रुग्ण मला फार थोडे भेटले. घोळवले नाही की एक दिवस वरचे पाणी जाते आणि दुसऱ्या दिवशी खालचा साका जातो. शुगर वरखाली झाली की दोष मात्र जेवणाला दिला जातो.

आता आकड्यांविषयी स्पष्ट बोलायला हवे. महाग इन्सुलिनने शुगर जास्त उतरते, अशी समजूत रुग्णांत आहे आणि काही डॉक्टरांतही आहे. ती खरी नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या चाचणीत ७५६ रुग्णांना २४ आठवडे रात्री ग्लार्जिन किंवा एनपीएच दिले गेले आणि दोन्ही गटांचा डोस एकाच नियमाने वाढवत नेला. तीन महिन्यांच्या सरासरीचा, म्हणजे एचबीएवनसीचा, आकडा दोन्ही गटांत जवळजवळ सारखाच उतरला; फरक पडला तो रात्री शुगर एकदम खाली जाण्याच्या प्रसंगांत, आणि ते ग्लार्जिनच्या गटात स्पष्टपणे कमी होते. माझा अनुभव याच्याशी तंतोतंत जुळतो. ज्याला सरासरी नऊवरून सातवर आणायची आहे त्याला दोन्ही इन्सुलिने तिथे नेऊ शकतात, पण जुन्यासोबत त्या वाटेवर रात्रीचा धोका जास्त आहे. या धोक्याच्या भीतीने मी पूर्वी डोस वाढवायला कचरत असे. दहा युनिटांवर रुग्ण ठेवायचा, उपाशीपोटीची शुगर १८० राहिली तरी "ठीक आहे" म्हणायचे आणि पुढची तारीख द्यायची, हे मी वर्षानुवर्षे केले, आणि त्या काळात काहींच्या डोळ्यांचे व पायांच्या नसांचे नुकसान होत राहिले. ग्लार्जिनने माझी ती भीती बरीच कमी केली.

रुग्णाची भीती वेगळी असते. "सुई लागली म्हंजे शेवटच की ओ," हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. ज्या शेजाऱ्याला इन्सुलिन सुरू झाले त्याचा पुढच्याच वर्षी पाय कापला, असे उदाहरणही बरोबर असते, आणि ते खरेही असते. फक्त तो पाय इन्सुलिनमुळे गेलेला नसतो, दहा वर्षे उशिरा सुरू केल्यामुळे गेलेला असतो. मी अशा वेळी वाद घालत नाही. टेबलाच्या खणातून रिकामे पेन काढतो, त्यावर ४ मिलिमीटरची सुई लावतो आणि ती सुई रुग्णाच्या हातात देतो. केसापेक्षा थोडी जाड अशी ती सुई जवळून पाहिल्यावर निम्मी चर्चा तिथेच संपते, कारण त्यांच्या मनातली सुई ही लहानपणी सरकारी दवाखान्यात उकळून वापरलेली काचेच्या सिरिंजची सुई असते.

सुरुवात मी बहुधा १० युनिटांनी करतो, आणि गोळ्यांपैकी मेटफॉर्मिन चालू ठेवून ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा डोस कमी करण्याचा विचार करतो. त्यानंतर दर तीन दिवसांनी उपाशीपोटीची शुगर पाहून २ युनिट वाढवायचे, १३० च्या खाली आली की थांबायचे, आणि एकदाही ७० च्या खाली गेली तर डोस कमी करून मला कळवायचे, असा साधा नियम असतो. वजन, वय आणि मूत्रपिंडाची स्थिती पाहून हा नियम प्रत्येकासाठी बदलावा लागतो, आणि क्रिएटिनीन वाढलेल्या माणसात तर फार सावकाश जावे लागते, म्हणून वाचकांनी हे आकडे वाचून स्वतःचा डोस ठरवू नये. शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर आयुष्य काढलेल्या एका दिवाणजींनी या नियमासाठी लाल कापडी बांधणीची जुनी चोपडी काढली. डावीकडे तिथी आणि तारीख, मधे सकाळची शुगर, उजवीकडे युनिट, आणि शेवटच्या रकान्यात "काल लग्नाचे जेवण" किंवा "रंकाळ्याला दोन फेऱ्या" असा खुलासा. पहिल्या ओळीत २१४ आणि १० युनिट होते, महिनाअखेरच्या ओळीत ११८ आणि २८ युनिट. मधल्या एका ओळीत ९६ आकडा आला होता तिथे त्यांनी युनिट न वाढवता समोर "थांबलो" असे लिहिले होते. अशी नोंद समोर असली की डॉक्टरला अंदाज बांधावा लागत नाही. चांगल्या ग्लुकोमीटरशिवाय आणि अशा चोपडीशिवाय ग्लार्जिन सुरू करणे म्हणजे औषधाचा अर्धा गुण वाया घालवणे आहे.

या औषधाची मर्यादा मात्र पेठेतल्या जेवणावरच उघडी पडते. ग्लार्जिन उपाशीपोटीची शुगर सांभाळते. समोर आलेले ताट ते सांभाळू शकत नाही. पांढऱ्या-तांबड्या रश्शाबरोबर दोन वाट्या भात झाला, किंवा सकाळी मिसळीबरोबर पावाच्या चार स्लाइस झाल्या, की दोन तासांनंतरची शुगर २६० दाखवते आणि त्या वेळी ग्लार्जिन आपल्या संथ गतीनेच चालत असते. साखर सोडून गुळाचा चहा घेणारे तर आपल्याकडे घराघरांत आहेत. गूळ हा आपल्या जिल्ह्याचा अभिमान आहे आणि माझाही आहे, पण रक्तातली शुगर वाढवण्याच्या बाबतीत गूळ आणि साखर यांत मधुमेह्याला उपयोगी पडेल असा फरक नाही, हे मी रोज सांगतो आणि रोज कोणीतरी दुखावते. जेवणानंतरचा आकडा उतरत नाही म्हणून ग्लार्जिनच वाढवत नेण्याची चूक मी स्वतः केलेली आहे. साधारण एक किलो वजनाला अर्ध्या युनिटपर्यंत डोस गेला, म्हणजे ७० किलोच्या माणसात ३५ युनिटांच्या आसपास, आणि तरीही सरासरी उतरत नसेल, तर तिथे थांबून जेवणाचा विचार करायला हवा: जेवणाआधीचे जलद इन्सुलिन, नाहीतर दुसऱ्या जातीचे औषध, नाहीतर ताटातला बदल. पुढे वाढवलेले ग्लार्जिन जेवणाची शुगर उतरवत नाही, ते रात्रीची शुगर पाडते, आणि मग ज्या गुणासाठी हे औषध घेतले तोच हरवतो. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांना तर नुसत्या ग्लार्जिनवर ठेवताच येत नाही. त्यांना प्रत्येक जेवणाला जलद इन्सुलिन लागतेच.

पेन हे उपकरण म्हणून पाहिले तर त्याची घडण चांगली आहे. ३ मिलिलिटरमध्ये ३०० युनिट, मागे फिरवायची चकती, खिडकीत दिसणारा आकडा. तरीही मी तपासलेल्या निम्म्याहून अधिक "औषध लागू पडत नाही" अशा तक्रारींचे मूळ टोचण्याच्या पद्धतीत सापडले. दर वेळी सुई लावल्यावर २ युनिट हवेत सोडून टोकाला थेंब येतो का ते पाहायचे, आणि बटण पूर्ण दाबल्यावर सुई लगेच न काढता सावकाश दहापर्यंत मोजायचे, या दोन गोष्टी दुकानात कोणी सांगत नाही आणि माहितीपत्रक कोणी वाचत नाही. मोजण्याआधीच सुई काढली की पोटावर एक थेंब चमकताना दिसतो. तो थेंब म्हणजे त्या दिवशीच्या डोसातला तुकडा असतो. सुई पेनवर तशीच ठेवून दिली तर आत हवा शिरते आणि औषध गळते. ज्यांची नजर कमी झाली आहे अशा आजी चकतीचे टकटक आवाज मोजून डोस लावतात, त्यावर भरवसा ठेवू नये. नातवाला किंवा सुनेला खिडकीतला आकडा वाचायला सांगावा. या कारणाने मी पहिल्या भेटीत डोस लिहून देत असलो, तरी दुसऱ्या भेटीत रुग्णाला पेन घेऊन बोलावतो आणि माझ्यासमोर टोचायला लावतो.

अशाच एका भेटीत कसबा बावड्याच्या एका मावशींनी पदर बाजूला करून पोट दाखवले. बेंबीच्या दोन्ही बाजूंना लिंबाएवढ्या दोन मऊसर, पण आत घट्ट अशा गाठी होत्या. "हितं दुखत न्हाई डॉक्टर, म्हणून हितंच घेते," असे त्या समाधानाने म्हणाल्या. त्याच दोन जागी रोज टोचल्याने चरबी फुगून तयार झालेल्या त्या गाठींत इन्सुलिन अडकून पडत होते, कधी उतरत होते आणि कधी नाही. त्यामुळे दीड वर्षात त्यांचा डोस १८ वरून ३४ पर्यंत गेला होता आणि तरी सकाळची शुगर दोनशेच्या खाली यायला तयार नव्हती. दोष माझाही होता, कारण त्या दीड वर्षात मी कागद तपासले होते, पोट तपासले नव्हते. जागा बदलताना एक धोका असतो तो इथे सांगतो: ताज्या जागेवर तोच डोस पूर्ण लागू पडतो आणि शुगर एकदम कोसळू शकते, म्हणून मी मावशींचा डोस आधी उतरवला आणि मग मांडीवर घ्यायला सांगितले. पुढच्या महिन्यात त्या २४ युनिटांवर स्थिर झाल्या. तेव्हापासून इन्सुलिनच्या प्रत्येक रुग्णाचे पोट आणि मांड्या हात फिरवून पाहणे हा माझा नियम आहे, आणि जागा रोज बोटभर सरकवत पोटाच्या चारही बाजूंनी फिरायचे हे मी कागदावर चित्र काढून देतो.

या उत्पादनाविषयीची माझी सर्वांत मोठी तक्रार पेनची नाही, आपल्या देशातल्या व्यवस्थेची आहे. आपल्याकडे बाटलीतले जुने इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट या ताकदीचे असते आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची असते. पेनमधले औषध १०० युनिट ताकदीचे असते आणि त्या ताकदीची सिरिंज नारिंगी टोपणाची असते. लाल आणि नारिंगी या रंगांत रात्रीच्या दिव्याखाली किती फरक दिसतो याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. माझ्या एका रुग्णाच्या घरी पेनचे बटण अडकले, तेव्हा मुलाने प्रसंगावधान दाखवले असे समजून घरात पडलेल्या लाल टोपणाच्या सिरिंजने पेनमधूनच औषध ओढले आणि नेहमीच्या सवयीने १६ च्या खुणेपर्यंत भरून वडिलांना टोचले. ती खूण १६ युनिटांची नव्हती, कारण अडीचपट ताकदीच्या औषधात तिचा अर्थ ४० युनिट होतो. पहाटे वडिलांना गदागदा हलवले तरी ते नीट उठेनात आणि ग्लुकोमीटरवर ४६ आकडा आला. ते गिळू शकत होते म्हणून साखरपाणी देता आले, पण ग्लार्जिन दिवसभर उतरत राहणार हे ठाऊक असल्याने त्यांना सलाइनवर दाखल करून दुसऱ्या दिवसापर्यंत शुगर पाहत बसावे लागले. तो मुलगा शिकलेला, काळजी घेणारा होता. पेन बिघडले तर नवीन पेन आणायचे, त्यातून सिरिंजने औषध कधीही ओढायचे नाही, आणि तोवर डॉक्टरला फोन करायचा, हे वाक्य मी आता प्रत्येक चिठ्ठीवर हाताने लिहितो. देशात एकच ताकद आणि एकच सिरिंज असती तर हे लिहावे लागले नसते.

शुगर खाली गेल्यावर काय करायचे हेही औषधाबरोबरच शिकवायला हवे. तीन-चार चमचे साखर अर्धा ग्लास पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे आणि मग काहीतरी खायचे. पेढा किंवा दूध पहिल्यांदा देऊ नये, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. आपल्याकडचे घट्ट म्हशीचे दूध तर त्या वेळी मुळीच नको. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, थेट रुग्णालयात न्यायचे.

साठवणुकीविषयी आपल्या शहराने जे शिकवले ते पुस्तकात सापडणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले, अनेक भागांतली वीज गेली आणि महामार्ग बंद पडला. फ्रिज बंद झाल्याने इन्सुलिन खराब झाले असे समजून माझ्या काही रुग्णांनी चार-चार, पाच-पाच दिवस ते घेतलेच नाही, आणि त्यातले एक गृहस्थ चारशेच्या वर शुगर घेऊन नातेवाइकांच्या घरून दवाखान्यात आले. वस्तुस्थिती अशी आहे की ग्लार्जिनचे पेन ३० अंशांपर्यंतच्या तापमानात २८ दिवस टिकते, आणि पावसाळ्यात कोल्हापुरातली खोली त्याहून थंडच असते. त्या दिवसांत औषध सुरक्षित होते. तुटवडा सुयांचा होता आणि धैर्याचा होता. उन्हाळ्यात मात्र उलट आहे. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या घरात पेन उघड्यावर ठेवणे चुकीचे आहे, आणि ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांना मी कुंभारवाड्यातून दोन मातीची भांडी आणायला सांगतो: मोठ्यात लहान ठेवायचे, मधल्या पोकळीत वाळू भरून ती ओली राखायची, आणि आतल्या भांड्यात कोरड्या डबीत पेन ठेवायचे. फ्रिज असेल तर न वापरलेली पेन दाराच्या कप्प्यात ठेवावीत. बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवलेले पेन गोठते, वितळल्यावर पुन्हा स्वच्छ दिसते, पण त्याच्या परिणामाचा भरवसा उरत नाही. असे पेन फेकून द्यायला सांगताना रुग्णाच्या चेहऱ्यावर जे उमटते ते मला फार लागते, कारण त्याची किंमत मला ठाऊक असते.

उपवासांच्या बाबतीत हे औषध जुन्यापेक्षा कितीतरी सोयीचे आहे. मिश्र इन्सुलिन घेतले की अर्ध्या तासाने जेवावेच लागते, आणि नवरात्रात एकवेळ जेवणाऱ्या बाईसाठी ते धोक्याचे ठरते. ग्लार्जिनला जेवणाची अशी सक्ती नाही. त्या नऊ दिवसांत मी साधारण पाचवा हिस्सा डोस कमी करतो आणि शाबूच्या खिचडीचा आकार लहान ठेवायला सांगतो. रोज एकाच वेळी घेणे तेवढे महत्त्वाचे आहे, मग ती वेळ सकाळी दारात दुधाची पिशवी येते ती असो किंवा रात्री भांडी आवरून होतात ती असो. जोतिबाच्या खेट्यांना पायी जाणाऱ्यांनाही मी औषध बंद करायला सांगत नाही; खिशात साखरेच्या पुड्या ठेवायला सांगतो, आणि पायांची संवेदना कमी झालेल्यांनी अनवाणी जाऊ नये अशी हात जोडून विनंती करतो.

डेग्लुडेक हे याच्या पुढचे इन्सुलिन ४२ तासांहून अधिक काळ चालते, आणि पाळ्या बदलणाऱ्या साखर कारखान्यातल्या कामगारांना व एसटीच्या चालकांना वेळ मागेपुढे झाली तरी ते सांभाळून घेते. मात्र त्यांनी कामावर जाण्याआधी शुगर तपासायलाच हवी. घरात शिस्त असलेल्या सर्वसामान्य रुग्णाला त्यासाठी जास्त पैसे मोजण्याची गरज मला दिसत नाही. मूळ कंपनीचे ग्लार्जिन आणि भारतीय कंपनीचे ग्लार्जिन यांत मला माझ्या रुग्णांमध्ये परिणामाचा फरक आढळला नाही, पण एकातून दुसऱ्यात जाताना आठवडाभर सकाळची शुगर रोज पाहावी, आणि एका कंपनीचे काडतूस, म्हणजे औषधाची सुटी नळी, दुसऱ्या कंपनीच्या पेनमध्ये बसवण्याचा प्रयत्न करू नये.

किंमत हा शेवटचा आणि अनेक घरांसाठी पहिला मुद्दा आहे. २० युनिट घेणाऱ्याचे, दर वेळी हवेत सोडायचे २ युनिट धरून, ३०० युनिटांचे पेन १३ दिवस पुरते, म्हणजे महिन्याला दोन पेन संपून तिसरे उघडावे लागते, आणि वर सुया, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आहेतच. जुन्या इन्सुलिनच्या बाटलीपेक्षा हा खर्च कितीतरी जास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दीर्घकालीन इन्सुलिनांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले आणि २०२२ मध्ये आपल्या राष्ट्रीय यादीतही ग्लार्जिन आले, याचा मला मनापासून आनंद झाला; तरीही ऊसतोडीच्या मजुराला आजचा खर्चही झेपत नाही. त्यामुळे सगळ्या जुन्या रुग्णांना मी ग्लार्जिनवर नेलेले नाही. ज्याची सरासरी सातच्या आसपास आहे, दोन्ही वेळची जेवणे ठरलेल्या वेळी होतात, रात्री कधी शुगर उतरलेली नाही आणि बाटली व लाल टोपणाची सिरिंज ज्याच्या हातात बसली आहे, त्याला मी तिथेच ठेवतो. एकटे राहणारे वृद्ध, रात्री एकदा जरी शुगर पडलेले रुग्ण, ज्यांच्या जेवणाची वेळ कामावर अवलंबून आहे असे शेतकरी आणि सुईच्या भीतीने दोन वर्षे इन्सुलिन टाळणारे, यांच्यासाठी मात्र मी ग्लार्जिनच मागतो, आणि त्यांच्या मुलांना समोर बसवून खर्चाचा हिशेब मांडतो. पाचपैकी मी या पेनला चार गुण देतो. एक गुण किमतीसाठी आणि त्या लाल-नारिंगी टोपणांच्या गोंधळासाठी राखून ठेवला आहे.